नैवेद्य सीमेवरच संपला

मी देवभोळी नाही. आगाशीच्या आमच्या वाडीत सकाळची पूजा सासूबाई करतात. तोवर मी सोनचाफ्याच्या करंड्या टेम्पोत भरून निघालेली असते. म्हणून हा अनुभव लिहावा की नाही, अशी शंका बरेच दिवस मनात होती. ते देवाने केलं की आपोआप जुळून आलं, हे मला आजही सांगता येणार नाही. जे झालं ते सांगते.

सासूबाईंना काचबिंदू आहे. नजर कडेकडून मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले, जे पाहायचं असेल ते यंदाच पाहून घ्या. सासूबाईंनी नेपाळचा पशुपतिनाथ सांगितला. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना फार वेळ बसवत नाही आणि विमानाचं त्या नाव काढू देत नाहीत. घरी वाहन एकच, टेम्पो. तेव्हा मागे आडवं होता येईल अशी मोठी गाडी मी भाड्याने घेतली. नवरा वाडी सांभाळायला राहिला, आम्ही दोघी निघालो. मला चाक दुसऱ्याच्या हाती देणं जमत नाही, त्यामुळे ड्रायव्हर घेतला नव्हता.

प्रत्येक राज्याचं परमिट, कराच्या पावत्या, सगळं एका फायलीत होतं. इथून दमण-सिल्वासाला ऊठसूट जाणारे आम्ही. हद्द आली की कर भरायचा आणि पुढे जायचं, एवढंच डोक्यात. नेपाळचंही तसंच असणार हे मी गृहीत धरलं आणि कुणाला विचारलंच नाही.

सुनौलीला, नेपाळच्या सीमेवरच्या नाक्यावर, कारकुनाने फाईल चाळली. “गाडी किसकी है?”

“किराये की.”

“मालिक की चिट्ठी?”

मी कंपनीला फोन लावला. “नेपाळ? मॅडम, आपली गाडी देशाबाहेर जात नाही. करारात लिहिलंय.” करार काढला. खरंच लिहिलं होतं. पलीकडे जाणाऱ्या बस, टॅक्सी सगळ्या विचारून आले. सगळीकडे दिवसभर ताठ बसूनच जावं लागणार होतं. परत फिरावं, तर पुढच्या वर्षी ही नजर उरणार नव्हती. मी पुन्हा गाडीत बसून कागद उलटसुलट करू लागले.

“सापडला का देव फायलीत?” मागून सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “दार उघड, बाय. गुदमरायला होतंय.”

दार उघडलं. त्यांनी उशाशी ठेवलेला सुकेळ्यांचा पुडा सोडला. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधलेला तो नैवेद्य. वाटभर मला त्याला हात लावू दिला नव्हता. आणि आता त्या रांगेतल्या ड्रायव्हरांना, रिक्षावाल्यांना हाका मारून एकेक सुकेळं वाटत होत्या.

“आई, देवाचं आहे ते!”

“मग? त्याच्याच दारात बसलोय. आत कधी घेईल ते घेईल. ही माणसं कधीची उन्हात उभी आहेत.”

खाणाऱ्यांत एक नेपाळी जीपवाला होता, माझ्याच वयाचा. त्याने विचारलं, “आमा को क्या हुआ?” मी सांगितलं. त्याने आपल्या जीपचं मागचं दार उघडून दाखवलं. आत गादी, उशी, धुतलेली चादर. शेजारच्या आजाऱ्याला गोरखपूरच्या दवाखान्यात सोडून तो काठमांडूला घरी निघाला होता. “खाली ही जा रहा हूँ, दिदी. गद्दा बिछा ही है.”

त्या गादीकडे मी बघतच राहिले. मग भानावर येऊन जीपच्या नंबराचा, त्याच्या लायसन्सचा फोटो नवऱ्याला पाठवला. जीपवाला हसला. “मेरा भी ले लीजिए.” तोही घेतला. भाड्याची गाडी एका लॉजच्या आवारात ठेवली आणि त्या प्रवासात पहिल्यांदाच बाजूच्या सीटवर बसले. घाटात वळण आलं की माझा पाय आपसूक दाबला जाई. “दिदी, उधर ब्रेक नहीं है,” तो म्हणाला, तेव्हा मागे सासूबाई खुदकन हसल्या. त्यानंतर कधीतरी मला झोप लागली. परक्याच्या हाती चाक असताना मी आयुष्यात कधी झोपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झालं. सासूबाईंना समोरचा तेवढाच तुकडा दिसतो, म्हणून गर्दीत मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून गाभाऱ्याकडे वळवला. त्या बराच वेळ हलल्या नाहीत. “दिसला,” एवढंच म्हणाल्या.

“नैवेद्याला काही उरलं नाही, आई.”

“त्याने कालच घेतला की.”

आता त्यांना जवळजवळ दिसत नाही. सुकेळी मात्र हाताने चाचपून अजून त्याच करतात, आणि एक पुडा माझ्या टेम्पोत ठेवायला लावतात. मी अजूनही फाईल बाळगते, आता करारही वाचते. पण माझ्या हातचं सगळं करून झालं आणि तरी वाट अडली, की पूर्वीसारखी काचा लावून चडफडत बसत नाही. देवाचं नाव घेते आणि आधी दार उघडते.