घरच्या कॅनचं दूध

सविता भांगरे दुधाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. मायक्रोबायोलॉजी शिकलेली, नाशकातल्या एका डेअरीत कैक वर्षं दूध तपासलेली बाई. ती नोकरी सोडून घोटीत बाटलीबंद बासुंदी करायला लागली, तेव्हा आम्ही शेजारणी हसलो. हसायला आमचं काय जात होतं!

तिची सगळी भिस्त नायसिनवर. दुधातल्याच एका जंतूपासून मिळणारी पावडर. उकळूनही न मरणाऱ्या जंतूंना ती वाढू देत नाही. सविता मला बासुंदी ढवळता ढवळता सांगायची, "काकू, याच्या साखळीत गंधकाने सांधलेली पाच कडी आहेत. ती शाबूत आहेत तोवरच ते जंतूला धरतं. आंबटात टिकतं, पण सोड्याच्या दुधात तापवलं की कडी मोडतात. मग पावडर तीच, वजन तेवढंच, उपयोग शून्य."

आणि सोडा तर आमच्याकडे घरोघरी. उन्हाळ्यात दूध डेअरीपर्यंत नासू नये म्हणून चिमूटभर टाकतात. सगळेच टाकतात, बोलत कुणी नाही. सविता प्रत्येक गवळ्याच्या दुधात औषधाचे थेंब टाकून बघायची. गुलाबी झालं की कॅन परत. नवरा दत्तू पाड्यावरून आणायचा, तेवढंच दूध ती तपासत नसे. घरच्या माणसावर संशय कसला घ्यायचा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चैत्रात वणीच्या यात्रेला गेलेला सगळा माल दत्तूच्याच दुधाचा होता. उन्हात बाटल्या फुगल्या, झाकणं उडाली. त्याआधी विकल्या गेलेल्या बासुंदीने कितीतरी यात्रेकरूंना उलट्या झाल्या. एक म्हातारी तर दवाखान्यातून परत आलीच नाही. अन्न खात्याच्या माणसांनी सविताच्या बासुंदीच्या खोलीला सील ठोकलं. पावडर बनावट असणार, असं जो तो म्हणू लागला.

दुसऱ्या दिवशी दत्तूने सवयीने आणलेल्या कॅनमधलं दूध तिने वाटीत घेतलं आणि थेंब टाकले. मी शेजारीच उभी होते. दूध गुलाबी झालं. सविता वाटीकडे बघत खाली बसली. मला तिचा चेहरा बघवेना.

संध्याकाळी दत्तू आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. "पावडरवाल्यानं फसवलं ना तुला? माझ्या दुधात काय खोट नव्हती बघ. तुझा माल नासू नाय म्हणून मी दुसऱ्यांपेक्षा सोडा जरा जास्तच टाकत होतो."

मी तोंड उघडणार, तोच सविताने माझा हात घट्ट दाबला.

"हो," ती म्हणाली, "पावडरच खोटी होती."

आता ती पुन्हा नाशकाला डेअरीत जाते. दत्तू येईल त्याच्यासमोर पावडरवाल्याच्या नावाने शिव्या देतो, त्या म्हातारीचा तळतळाट त्याला लागो म्हणतो. सविता समोर बसून भाजी निवडते.