गोठलेल्या खाडीची गोष्ट

१८ मे १९५२. भुशाची शेगडी भरत होते. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. आतल्या खोलीत माझी थोरली विषमज्वराने पडली होती. चौदा वर्षांची. तिच्या कपाळावर ठेवायचा बर्फ मुलुंड स्टेशनजवळून यायचा, तोही भुशात गुंडाळून.

धाकटीला लागण नको म्हणून शेजारच्या ख्रिस्ती बाईंकडे ठेवलं होतं. थोरली तिच्यासाठी पडल्यापडल्या गोष्ट रचायची आणि मी रोज खिडकीशी जाऊन ती पोचवायची. मला गोष्टी सांगता येत नाहीत. निरोप सांगावा तशी सांगायची.

गोष्टीत बॉम्बच्या धुराने सूर्य झाकला होता. भांडुपची खाडी गोठली होती. मिठागरांत मीठ कुठलं, बर्फ कुठला, कळत नव्हतं. एक मुलगी पायी ट्रॉम्बेला निघाली होती, कारण तिथल्या टेकडीमागे थोडा उन्हाळा उरला होता. बर्फाखाली अडकलेले बोंबील तिला वाट सांगायचे. अंगाला भुसा लागू नये म्हणून मात्र ती फार जपायची.

"का गं?" मी विचारलं.

"भुशाने आणखी गार होतं ना. बर्फाला लावतात तो."

"भुसा गार करत नाही. बाहेरचं आत येऊ देत नाही, एवढंच. तिला भुशात गुंडाळ, ऊब टिकेल."

"आधी सांगायचंस ना, आई. अर्धी खाडी कुडकुडत गेली ती."

"आणि तिची आई कुठाय?"

"भांडुपलाच ठेवली. बर्फ पातळ आहे. ती जड आहे, फुटेल."

"म्हणजे मी."

"तू नाही गं, गोष्टीतली." मग हसली. "तू पण."

हे सगळं मी खिडकीशी सांगितलं. धाकटी म्हणाली, "ताईला सांग, लवकर पोचव तिला. ती पोचली की मी घरी यायचं, असं ठरलंय आमचं."

ताप उतरायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. मग एका दुपारी पोटातून रक्त जाऊ लागलं. डॉक्टर आले तोवर हातपाय गार पडले होते. संध्याकाळी ती गेली. शेजारच्या बाई धाकटीला गावठाणात आपल्या बहिणीकडे घेऊन गेल्या होत्या, त्यामुळे तिला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घर फिनेलने धुतलं आणि शेजारी गेले. धाकटी परत आली होती.

"पोचली का?"

"नाही," मी म्हटलं, आणि ताईचं सरळ सांगून टाकलं.

ती रडली नाही.

"मग मी घरी कशी येणार?"

"चालत," मी म्हटलं. तिच्या चपला शोधल्या, पायात घातल्या आणि तिला घरी आणलं.