घोटा चोळणारा हात

शेजारी कुणीतरी उंडीच्या बियांचं उंडेल तेल गरम केलं. त्या वासाने मी देवबागच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या सकाळी जाऊन पोहोचलो.

माझी धाकटी बहीण सुमन कबड्डी खेळायची. सामन्यात तिचा घोटा मुरगळला, तेव्हा मीच तो गरम उंडेलाने जोर लावून चोळला आणि “काय एक होवचा नाय” म्हणत दुसऱ्या दिवशी तिला खेळायला लावलं. पाय भोपळ्यासारखा सुजला. “ताजी दुखापत चोळतात का?” म्हणत फिजिओथेरपीच्या बाई आईवरच रागावल्या. चोळणारा हात मी पाठीमागे लपवला.

मग कित्येक आठवडे सुमन ओल्या वाळूत एका पायावर तोल सांभाळायची आणि मी आकडे मोजायचो. त्या सकाळी बाईंनी तिला पहिल्यांदाच धावायची परवानगी दिली होती. लाटा उडवत ती धावून आली आणि माझा बांध फुटला.

“सुमे, तुझो पाय माझ्यामुळे...”

“अरे दादा, चोळताना बोंब कोणी मारली? मीच मा! मग माका म्हायत नाय काय? आयेक पण म्हायत आसा. रडतंस काय? धर माका!”

तिने वाळूत रेघ ओढली. मी झेपावलो. दोन्ही पायांवर गिरकी घेऊन ती निसटली, आणि मी तोंडभर वाळू घेऊन हसत पडलो.