बंगळुरात सुमीच्या शोधात

मिरजेच्या फलाटावर बायकोने माझ्या हातात कोरी चित्रवही ठेवली आणि म्हणाली, "एक तरी पान भरून आणा." मी शाळेत चित्रकला शिकवतो. पण प्रदर्शनातून चित्र नापसंत होऊन परत आलं, तेव्हापासून दोन वर्षं मी स्वतःसाठी एक रेघही ओढली नव्हती. घरात चिडचिड करायचो ती वेगळीच. म्हणून ही हवापालटाची शिक्षा.

बंगळूरला उतरलो तेव्हा उन्हातसुद्धा गारवा होता. जटक्याने (टांग्याने) मल्लेश्वरमला गेलो. तिथे बायकोच्या मावशी राहतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, आणि सगळी गल्ली मावशींना अक्का म्हणते. "या जावईबुवा, स्वल्प काफी घ्या," म्हणत त्यांनी काठोकाठ भरलेला पेला पुढे केला. इथलं स्वल्प हे असं! काफी मात्र इतकी फर्मास, की दुसरा पेला मी तोंडाने मागून घेतला.

सकाळी खिडकीतून पाहतो तर अक्का अंगणभर ठिपक्यांची रांगोळी घालत होत्या. एक रेघ निघाली, सगळ्या ठिपक्यांना वळसे घालत फिरली आणि निघाली तिथेच येऊन मिळाली. हात कुठे अडला नाही. मला चक्क हेवा वाटला.

"आज काही सण आहे का? एवढी मोठी कशाला?" मी वरून ओरडलो.

"सुमीने!" खालून उत्तर आलं.

मी विचारतो कशाला आणि अक्का सांगतात कुणी! वयोमानाने कमी ऐकू येत असेल. नक्षी कुणा सुमीने शिकवली असणार, अशी मी समजूत करून घेतली.

त्या दिवशी हेब्बाळच्या तळ्यावर गेलो. पाण्यावर बगळे उतरले होते. काठावर एक गृहस्थ नारळाच्या पातीचा पोपट विणत बसले होते. निपाणीकडचे निघाले, इथे कारखान्यात नोकरीला. आठवड्याच्या सुट्टीला म्हणे इथेच येऊन बसतात.

"विकता काय हे?"

"छे हो! सुमीने," ते हसून म्हणाले आणि पोपट माझ्या हातात देऊन दुसरी पात उचलली.

इथेही सुमी! सगळ्या शहराला हात देणारी ही बाई आहे तरी कोण? हिला गाठायचं, जमलं तर आपलंही गाऱ्हाणं सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पानात अक्की रोट्टी (तांदळाची भाकरी) आणि ताज्या पावट्याची उसळ होती. चार घास झाल्यावर विषय काढला. "अक्का, मला सुमीला भेटायचंय."

"कोण सुमी?"

"तुमची रांगोळीवाली. पोपटवालीही तीच."

हसता हसता अक्कांना हातातला डाव खाली ठेवावा लागला. "अय्यो, सुमी कुठली! सुम्ने! म्हणजे कशाला म्हणून नाही. मनात आलं, केलं. सरी? कळलं?"

आपल्याकडेही शब्द आहे, उगाच. पण तो आपण रागावून वापरतो. वहीच्या कडेला पानंफुलं काढणाऱ्या पोरांना 'उगाच वेळ घालवू नका' असं मीच किती वेळा दटावलं होतं. मला लाज वाटली.

दुपारी अक्का ओट्यावर पावटे सोलत बसल्या तेव्हा मी चित्रवही उघडली. पहिली रेघ थरथरली, दुसरी वाकडी गेली. पुसली नाही. अक्कांनी वाकून पाहिलं.

"माझं नाक एवढं मोठं?"

"स्वल्प," मी म्हणालो.

परतेपर्यंत वहीत जागा उरली नव्हती. जटक्याचा घोडा, पावट्याच्या शेंगा, बगळे, काफीचा पेला, सगळं आलं होतं. मिरजेला उतरल्या उतरल्या बायकोने वही ओढून घेतली. पानं उलटताना तिचे डोळे भरून आले.

"कुठे पाठवायची ही?"

"कुठेच नाही. सुम्ने!"

तिने वही मिटली. "कोण ही सुमी?"

सांगतो म्हटलं, आणि आधी पेन्सिल काढली. पुठ्ठ्याच्या आतली बाजू अजून कोरी होती आणि बायकोचा असा चेहरा पुन्हा मिळाला नसता.