हाताला कळेनासं झालं तेव्हा

दवाखान्यात तिला सगळे 'थर्मामीटरबाई' म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. ड्रेसिंगच्या खोलीत तिची सव्वीस वर्षं गेली होती. सुजलेला पाय समोर आला की ती हातमोजा काढायची, बोटांची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावायची, मग दुखऱ्याला, आणि सांगून टाकायची, "कातडीखाली जंतू शिरलेत, भरती करा," नाहीतर, "जंतूबिंतू काही नाही, शिरांचं दुखणं आहे." नवे डॉक्टर आधी गालात हसायचे आणि महिन्याभरात तिलाच हाका मारायला लागायचे.

उष्णता दाखवणारा कॅमेरा आला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तो मुद्दाम तिला दाखवला. गरम भाग पडद्यावर पिवळा-लाल दिसायचा, गार भाग निळा.

"माझा हात काय रजेवर गेलाय का?" ती म्हणाली. सगळे हसले, आणि कॅमेरा कपाटात गेला.

दोनेक महिन्यांनी शिंपीमास्तर आले. उभा जन्म पायमशीन चालवण्यात गेलेला माणूस. रंग काळा, त्यामुळे लाली अशी दिसत नव्हती. डावी पोटरी तेवढी सुजून चकचकीत झाली होती. नव्या डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटरबाईकडे पाहिलं. तिनं हात लावला.

"दोन्ही पाय सारखेच लागतात. मशीन मारून मारून भरलाय पाय. उशीवर ठेवून पडून राहा चार दिवस, मास्तर."

डॉक्टरीणबाईंनी तसंच लिहून दिलं.

चौथ्या दिवशी मास्तरांच्या बायकोनं त्यांना गाडीत घालून आणलं तेव्हा ते तापात काहीबाही बरळत होते. पोटरीपासून गुडघ्यापर्यंत फोड आले होते. मेलेलं मांस दोनदा कापून काढावं लागलं. पाय वाचला, पण घोटा आखडला तो आखडलाच. पायमशीन सुटलं.

थर्मामीटरबाईला कुणी चकार शब्द बोललं नाही. केसपेपरवर सही डॉक्टरीणबाईंची होती.

एका सकाळी घरी सुनेनं तिच्या हातातला पेला जवळजवळ हिसकावूनच घेतला. "अहो आई, दूध आत्ता उतरवलंय. भाजत नाहीये का तुम्हाला?"

बोटं लालभडक झाली होती. ती बघत राहिली.

"कधीपासून असं होतंय?" सुनेनं विचारलं.

अकरा वर्षांची साखर, आणि वर्षभर बोटांना येणाऱ्या मुंग्या. साबणानं होत असेल, वयानं होत असेल, असं म्हणत तिनं वर्ष ढकललं होतं. दूध तसंच टाकून ती दवाखान्यात गेली, ती थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत.

"मास्तरांच्या कागदावर माझं नाव लिहा," ती म्हणाली. "माझ्या हाताला गरम-गार कळत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत."

"मुद्दाम नाही केलं. पण मुंग्या येतात हे मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही. लोक हाका मारायचे थांबतील म्हणून नाही सांगितलं. त्या डॉक्टरीण पोरीच्या डोक्यावर हे नको."

डॉक्टरांनी मास्तरांचा केसपेपर मागवून घेतला. मग म्हणाले, "लिहितो. माझंही लिहितो. कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती."

त्या आठवड्यापासून कॅमेरा तिच्या खोलीत आला. दोन्ही पाय उघडे करून माणसाला पंधरा मिनिटं बसवायचं, मग दोन्हींचे फोटो घेऊन तफावत बघायची. ताप, रक्ताची तपासणी आणि दुखणाऱ्याचं म्हणणं यांना सोडून नुसत्या फोटोवर कुणी निर्णय घ्यायचा नाही, असं तिनं स्वतः कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. एक निवृत्त शिक्षिका पायात जंतू शिरलेत असं समजून वर्षात तीनदा सलाइन लावून घेऊन गेल्या होत्या; त्यांचे दोन्ही पाय पडद्यावर सारखेच दिसले. दुखणं शिरांचं निघालं, पट्ट्या बांधून त्या घरी गेल्या. मग एक माळी आला. मास्तरांसारखाच काळा, तशीच सूज. पडद्यावर त्याची पोटरी पिवळीजर्द. त्याला लगेच भरती केलं आणि सहाव्या दिवशी तो चालत घरी गेला. तो फोटो ती कितीतरी वेळ पुसेना.

रविवारी ती मास्तरांकडे गेली. ते खिडकीपाशी पाय लांब करून हातानं काजं करत होते. बायको कणीक मळत होती. थर्मामीटरबाईनं उभ्यानंच सगळं सांगितलं, मुंग्यांसकट.

मास्तरांची सुई थांबली. "मला वाटत होतं, मीच अंगावर काढलं," ते म्हणाले. "ही रोज म्हणायची चला, चला. मी म्हणायचो, बाईंनी चार दिवस सांगितलेत."

"तुमचं काही चुकलं नाही, मास्तर."

"हं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "बरं झालं सांगितलंत. बसा."

ती बसली. मास्तरांची बायको कणकेचे हात तसेच घेऊन आत निघून गेली. पुढे महिनोन् महिने ती मास्तरांना तपासणीला आणत राहिली, बाकावर त्यांच्या शेजारी बसत राहिली, पण थर्मामीटरबाईशी ती पुन्हा कधीच बोलली नाही.