आधी पाणी पी, गणपत

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी सकाळच्या बसने आष्ट्याहून एक गृहस्थ आमच्या सांगलीच्या घरी आले. घरात आई, मी आणि माझी पत्नी होतो. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "मी गणपतचा थोरला भाऊ. गणपत परवा गेला. तापाचं निमित्त झालं." जरा थांबून त्यांनी विचारले, "आवं, दर ऐतवारी हिकडं निघताना म्हणायचा, आज सांगून टाकतो. काय सांगायचं व्हतं त्येला?" मला ठाऊक नव्हते, तसे मी सांगितले. आई आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली...

गणपत आमच्या नात्यातला नव्हे. माझा धाकटा भाऊ दिनकर साताऱ्याला भरती झाला, त्याच्या पलटणीतला हा. सीमेवरच्या लढाईनंतर दिनकर बेपत्ता असल्याचे सरकारी पत्र आले, आणि पुढे काहीच आले नाही. श्राद्धाचा विषय आईने घरात काढू दिला नाही. "बेपत्ता म्हणजे गेला नव्हे," एवढेच ती म्हणे. पाय अधू होऊन गणपत घरी परतला आणि एका रविवारी आमच्याकडे आला. मग दर रविवारी येऊ लागला. दाराशी बसका पाट होता, त्यावर बसायचा. मी हळदीच्या पेठेतला दिवाणजी. आलेला माणूस कशासाठी आला हे मला आधी कळावे लागते. गणपतचे ते कळत नसे. तो घसा खाकरायचा. "मावशी, दिनकरचं एक..."

"आधी पाणी पी, गणपत," आई म्हणायची. "मग जेव. मग बोल."

जेवण होईपर्यंत बसची वेळ झालेली असायची.

रविवारी स्वयंपाक होईपर्यंत मी आईला कादंबरी वाचून दाखवीत असे; गणपतही ऐकायचा. तिला दिसायचे कमी झाले होते. आमच्या वाचनालयात जाड कादंबरीचे दोन भाग करून वेगवेगळे बांधत, म्हणजे एकाच वेळी दोन सभासदांची सोय होई. गेल्या उन्हाळ्यात एका ऐतिहासिक कादंबरीचा पहिला भाग मिळाला. मोहिमेवर गेलेल्या किल्लेदाराची वाट पाहणारी बायको, आणि दर दोन-चार प्रकरणांनी छावणीतून येणारा एक जासूद. पायरीशी उभा राहायचा, पाणी प्यायचा, पावसापाण्याचे बोलायचा आणि परत जायचा.

"या मेल्याला दुसरं काम नाही का रे?" आई हसली. "नुसतं पाणी प्यायला एवढा गड चढतो!"

गणपत एरवी गप्प असायचा. त्या दिवशी चिडला. "काम हाय त्येचं, मावशी. लिवणारा माणूस उगं कुणाला एवढं चालवत न्हाई. शेवटाला कळंल."

"तुला रे काय ठाऊक?"

"मला न्हाई ठावं," तो म्हणाला आणि पायाकडे बघत बसला.

दुसरा भाग कोणा सभासदाने नेला होता. दर रविवारी गणपत दारातूनच विचारी, "आला का वो?" मी नाही म्हणायचो. गणपत गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात तो भाग आला.

मी विचारले, "वाचायचा का?" आईने गणपतचा पाट पुन्हा दाराशी सरकवायला लावला, फुलपात्र भरून त्याच्या शेजारी ठेवले आणि म्हणाली, "वाच. मोठ्याने."

शेवटच्या प्रकरणात जासूद पुन्हा येतो. किल्लेदारीण पाणी पुढे करते. या वेळी तो घेत नाही. पागोट्यातून किल्लेदाराची अंगठी काढून पायरीवर ठेवतो. ती पहिल्या खेपेपासून त्याच्यापाशी होती. दरवेळी ती बाई पाणी पुढे करी, आणि ते प्याल्यावर त्याची जीभ उचलत नसे...

मी थांबलो. पाटाकडे पाहवेना. दिनकर गेला त्या वेळी गणपत त्याच्याजवळ होता, हे मला तेव्हा उमगले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली. "त्याच्या तोंडावरच होतं. म्हणून तर मी पाणी द्यायची."

"आई..."

"बोलू दिलं नाही मी त्याला. तो बोलला असता तर दिनू गेला असता."

मग तिने विचारले, "कुठल्या दिवशी रे गेला असेल माझा दिनू?" याचे उत्तर एकाच माणसापाशी होते. आष्ट्याला जाऊन मी गणपतच्या भावाला विचारून आलो. घरी गणपत लढाईबद्दल अक्षरही बोलला नव्हता.

तिथी ठाऊक नसलेल्यांचे श्राद्ध सर्वपित्रीला करतात. परवाच्या सर्वपित्रीला आमच्या घरी दिनकरचे पहिले पान वाढले. आईने शेजारी दुसरे वाढायला सांगितले. गेलेल्या माणसाला वर्षाच्या आत पितरांत धरत नाहीत, असे भटजी म्हणाले. तिने ऐकले नाही. दोन्ही पाने तिने स्वतः वाढली, चाचपडत. दिनकरच्या पानाशी तिने पाणी ठेवले. गणपतच्या पानाशी मी फुलपात्र नेऊ लागलो, तसा तिने माझा हात धरला.

"त्याला नको," ती म्हणाली. आणि त्या रिकाम्या पाटाकडे तोंड करून म्हणाली, "बोल, गणपत."