संध्याकाळचं व्होल्टेज

आमच्या डोंबिवलीतला वायरमन मीटरवरचे आकडे मोठ्याने वाचतो. व्होल्टला अँपिअरने भागून रेझिस्टन्स, गुणून वॅट. सगळं पेन्सिलीने स्विचबोर्डाशेजारी भिंतीवर लिहितो.

दिवा स्टेशनजवळच्या स्वतःच्या घरात बायकोच्या ऑक्सिजन मशिनचा हिशोबही त्याने असाच लिहिलेला, पण व्होल्टेज न मोजता, सवयीने दोनशे तीस धरून. तिथे संध्याकाळी ते एकशे साठवर यायचं. एकदा तेवढ्यावर मशिन बंद पडलं आणि ती गेली. हे त्यानेच सांगितलेलं, गिझर खोलता खोलता.

काल सकाळी आमचा गिझर दुरुस्त करून गेला. संध्याकाळी सातला परत दारात.

"काही राहिलं का, दादा?"

"नाही वहिनी. आत्ताचं व्होल्टेज बघतो."

दोनशे अठ्ठावीस होतं. तो बघत राहिला. आकडा मात्र मोठ्याने वाचला नाही.